कूलर, एसी की आधी गच्चीला चुना? उन्हाळ्यात पैसे कुठे घालावेत

अकोल्यात मे महिन्याच्या रात्री अंगावर चादर ओढायला लावणारा कूलर उचलून ठाण्याच्या फ्लॅटमध्ये नेऊन लावा. तासाभरात गाद्या दमट होतील, अंग चिकट होईल आणि झोप उडेल. यंत्र तेच, पाणी तेच, फक्त हवा वेगळी. म्हणून ‘कूलर घेऊ की एसी?’ असं कुणी विचारलं की मी आधी दोनच गोष्टी विचारते: राहता कुठे, आणि डोक्यावर काय आहे? वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, स्वतःची गच्ची, की पत्रा? बजेटचा प्रश्न त्याच्या नंतरचा.

हवा कोरडी की दमट

कूलर आणि माठ यांचं काम एकाच तत्त्वावर चालतं. पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी जोरात उडतं आणि गारवा वाढतो. पण याला एक तळ असतो. त्याखाली कितीही महागडा कूलर हवा गार करू शकत नाही.

आकड्यांत बघा. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे दुपारी ४४ अंश तापमान आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा तळ साधारण २३ अंशांवर असतो. चांगल्या ताट्यांचा (ज्यांवर पाणी झिरपतं त्या बाजूच्या पॅडांचा) कूलर तिथपर्यंतचं पाऊण अंतर कापतो, म्हणजे झोतातली हवा २८-२९ अंशांची मिळते. बाहेर ४४ आणि अंगावर २९! पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३९ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर हाच कूलर २६ च्या आसपास हवा देतो. आता मुंबई घ्या: ३४ अंश, आर्द्रता ६५ टक्के. इथे तळच साडेअठ्ठावीसवर आहे. कूलरमधून हवा येणार ३० अंशांची, तीही पाण्याने भरलेली. घाम वाळायची जी थोडी सोय होती तीही गेली.

हवामान खात्याचे निकषही हा फरक मानतात. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार पारा ४० ला पोचल्यावर होतो, किनाऱ्यावर ३७ लाच. दमट हवेतले ३७ अंश शरीराला सोपे नसतात.

त्यामुळे मुंबई, ठाणे, अलिबाग, रत्नागिरी, गोवा इथल्या वाचकांसाठी माझं उत्तर सरळ आहे: कूलर घेऊ नका, लहानसा ‘पर्सनल’ कूलर तर मुळीच नको. त्यात बर्फ टाकला की एसीसारखं गार होतं असं दुकानदार सांगतात. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी एक टनाचा एसी दीड मिनिटात खोलीबाहेर टाकतो. यावरून काय ते समजा. किनाऱ्यावर निवड पंखा आणि एसी यांच्यातच आहे.

विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात मात्र कूलर हे गरिबाचं यंत्र म्हणून दुय्यम समजू नये. कोरड्या उन्हाळ्यात तो खरोखर उत्तम काम करतो, आणि ताजी हवा खेळती ठेवतो, जे एसी करत नाही. अडचण येते ती शेवटी. वळवाच्या सरी पडून गेल्या की मृगापर्यंतचे दिवस पारा चाळिशीत आणि हवा ओली, अशा अवस्थेत जातात. तेव्हा कूलर हात टेकतो. ते दिवस ज्यांच्या घरात कठीण जातात, त्यांनी एका खोलीपुरत्या एसीचा विचार जरूर करावा.

कूलर घ्यायचा तर

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एसी लावल्यासारखी खोली बंद करणं. कूलर ओली हवा आत ढकलतो. ती बाहेर जायला समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं हवं. कूलर खिडकीबाहेर, सावलीत बसवावा. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच ओली हवा पुन्हापुन्हा फिरवतो आणि अर्ध्या तासात निरुपयोगी होतो. ज्या फ्लॅटला एकाच बाजूने खिडकी आहे, तिथे कोरड्या गावातही कूलर अर्धाच उपयोगी.

वुडवूलच्या म्हणजे लाकडी गवताच्या ताट्या स्वस्त, गार हवाही छान देतात, पण दर उन्हाळ्यात बदलाव्या लागतात. वाळ्याच्या ताट्यांचा सुगंध हवाहवासा असला तरी त्या महाग पडतात. हनीकोम्ब पॅड दोन-तीन वर्षं टिकतात, मात्र पाणी जड असेल तर क्षार साचून त्यांची छिद्रं बुजतात. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात मी वुडवूलच सुचवेन. वर्षाला नव्या ताट्या घातल्या की प्रश्न मिटला.

पाण्याचा हिशेब मात्र कुणी सांगत नाही. कोरड्या दुपारी पूर्ण वेगात चाललेला मोठा डेझर्ट कूलर तासाला १५ ते २० लिटर पाणी पितो. रात्री हा वेग कमी होतो, तरी दिवसरात्र मिळून शंभर लिटरच्या पुढे सहज जातं. ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तिथे ही लहान गोष्ट नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं, हे मराठवाड्यातला माणूस विसरलेला नाही. पाणी विकत घेणाऱ्या कुटुंबाने कूलरच्या स्वस्त विजेबरोबर टँकरचा खर्चही मांडावा. भांडी-कपडे विसळलेलं साबणाचं पाणी कूलरला चालत नाही. पंप आणि ताट्या दोन्ही खराब होतात.

दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. पहिली, डेंग्यू. एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवून मगच भरायची. दुसरी, विजेचा धक्का. लोखंडी बॉडीचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि सोललेली वायर हे एकत्र आलं की माणूस जातो. विदर्भात दर उन्हाळ्यात अशा बातम्या वाचायला लागतात आणि त्यात लहान मुलं असतात. अर्थिंग तपासून घ्या, घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) बसवा, आणि पाणी भरताना प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. लहान मुलं असलेल्या घरात फायबरच्या बॉडीचा कूलर घ्या, चार पैसे जास्त लागले तरी चालतील.

एसी घ्यायचा तर

एसी उष्णता बाहेर टाकतो आणि हवेतलं पाणीही काढून घेतो. किनाऱ्यावर त्याची खरी किंमत या दुसऱ्या कामात आहे. कोकणात आणि मुंबईत २६-२७ अंशांवर एसी आणि वर पंखा हळू चालू, एवढ्यात बहुतेकांना छान झोप लागते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्यानुसार एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी सुरू केल्यावर आपोआप २४ अंशांवर येतात. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होते हा समज आहे. कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ चालत राहतो.

दहा बाय बाराच्या खोलीला, वर दुसरा मजला असेल तर, एक टन पुरतो. वरून उन्हाचा स्लॅब असेल तर दीड टन लागतो. विदर्भातल्या ग्राहकाने आणखी एक गोष्ट विचारावी. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेर ४५ असताना ती कमी होते, नेमकी गरज जास्त असते तेव्हा. त्यामुळे बाहेरचं तापमान ५० अंशांच्या वर गेलं तरी चालेल असं लिहिलेलं मॉडेल घ्या, आणि बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात टांगू देऊ नका.

बिलाचं गणित

रात्री आठ तास, महिनाभर चालवल्याचा हिशेब साधारण असा येतो:

| | महिन्याची युनिट | विकत घेताना |
|---|---|---|
| साधा पंखा (७५ वॅट) | १८ | दीड ते अडीच हजार |
| बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा (३० वॅट) | ७ | अडीच ते साडेतीन हजार |
| मोठा कूलर (२०० वॅट) | ४८ | आठ ते चौदा हजार |
| दीड टन पंचतारांकित इन्व्हर्टर एसी | १८० ते २४० | चाळीस हजारांच्या पुढे, बसवण्याचा खर्च वेगळा |

खरी मेख महावितरणच्या टप्प्यांत आहे. पहिल्या शंभर युनिटांच्या पुढे दर साधारण दुप्पट होतो आणि तीनशेच्या पुढे आणखी चढतो. ज्या घराचं एरवीचं बिल ११०-१२० युनिटांचं आहे, ते कूलर लावून १७० वर थांबतं, दुसऱ्याच टप्प्यात. तेच घर एसी लावलं की तीनशे ओलांडतं. म्हणून एसी घेतानाच घरातले जुने पंखे बदलून बीएलडीसी बसवावेत. ज्या घरात चार पंखे दिवसभर फिरतात तिथे फरक लगेच जाणवतो. छतावर सोलर असेल तर हे गणितच बदलतं.

वीज जाणाऱ्या गावांसाठी: १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर कूलर आणि एक पंखा चार-पाच तास निघतात. अशा साध्या घरगुती इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, मग तो ‘इन्व्हर्टर एसी’ असला तरी. रात्री भारनियमन होत असेल तर फक्त एसीच्या भरवशावर राहू नका.

पण आधी डोक्यावर बघा

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची लढाई बाहेरच्या हवेशी कमी आणि छताशी जास्त असते. काळपट सिमेंटची गच्ची मे महिन्याच्या दुपारी साठ अंशांच्या वर तापते. स्लॅब ती उष्णता दिवसभर साठवतो आणि संध्याकाळपासून आत सोडू लागतो. बाहेर रात्री दहाला बरं वाटतं आणि घरात पंख्याखाली गरम वारा लागतो, त्याचं कारण हे. अशा खोलीत आणलेला चाळीस हजारांचा एसी पहिले दोन तास स्लॅबच गार करत बसतो.

आपल्याकडच्या जुन्या घरांनी हा प्रश्न सोडवला होता. मराठवाड्यातल्या माळवदावरचा पांढऱ्या मातीचा जाड थर ऊन आत येऊच देत नसे. कोकणातल्या कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. स्लॅब आणि पत्रा आले, घरं टिकाऊ झाली, पण उन्हाची काळजी घेणारं त्यात काही राहिलं नाही.

उपाय स्वस्त आहे. गच्ची झाडून, धुऊन, चुना आणि त्यात चिकटवणारं द्रावण घालून दोन हात मारायचे. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीला स्वतः काम केलं तर हजार-दोन हजारांत होतं. पावसाने तो धुपतो, दरवर्षी मारावा लागतो. उष्णता परतवणारा तयार पांढरा रंग अनेक पटींनी महाग, पण तीन-चार वर्षं टिकतो. खोलीच्या तापमानात २ ते ५ अंशांचा फरक पडतो. पत्र्याच्या घरात तो सगळ्यात जास्त जाणवतो. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा छतांसाठी वेगळं धोरणच आणलं, आणि अहमदाबादनेही आपल्या उष्णता कृती आराखड्यात पांढऱ्या छतांना जागा दिली. नागपूर-चंद्रपूरसारख्या शहरांत घरकुलांच्या छतांवर हे सक्तीने व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे.

पश्चिमेच्या खिडकीचंही तसंच. आतून कितीही जाड पडदा लावला तरी काचेतून आलेलं ऊन खोलीत आलेलंच असतं. ते बाहेरच अडवा: बांबूचा पडदा, ओलं गोणपाट, किंवा शेतकरी वापरतात ती हिरवी शेडनेट. कोरड्या गावात सकाळी आठला खिडक्या बंद, रात्री उघड्या. जिथे कूलर दिवसा चालू आहे तिथे मात्र हवा जायची एक वाट उघडी ठेवायचीच.

पंख्यावर कुठवर भागतं

पंखा हवा गार करत नाही, घाम वाळवतो. किनाऱ्यावर तो शेवटपर्यंत उपयोगी आहे. विदर्भात खोलीच ४० च्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम झोत फेकतो. तेव्हा ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली बसणं हाच त्याचा योग्य उपयोग.

घरात पंच्याहत्तरीचे आजी-आजोबा, तान्हं बाळ, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर मात्र बिलाचा विचार मागे ठेवा. वय झालं की तहान कमी लागते, घाम कमी येतो आणि उकाडा जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा घरात निदान एक खोली खात्रीने गार राहिली पाहिजे: किनाऱ्यावर एसीने, कोरड्या भागात कूलरने आणि मृगाआधीच्या दिवसांत शक्य असेल तर एसीने. माणूस बरळू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर कूलरसमोर बसवून वाट बघू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

भाड्याने राहणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. अकरा महिन्यांच्या करारावर भिंतीला भोकं पाडून एसी बसवणं आणि पुन्हा काढणं परवडत नाही. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरात खिडकीबाहेर स्टँडवर ठेवता येणारा कूलर आणि एक चांगला बीएलडीसी पंखा घ्या, दोन्ही पुढच्या घरी नेता येतात. मुंबईत विंडो एसी भाड्याने मिळतो. दोन-तीन महिन्यांपुरता तोच बरा पडतो. वरच्या मजल्यावर असाल तर गच्चीच्या चुन्याचं घरमालकाशी होळीच्या आधी बोला. अर्धा खर्च द्यायची तयारी दाखवली तर बहुतेक जण हो म्हणतात, आणि एप्रिल लागल्यावर त्या गच्चीवर काम करायला माणूस मिळत नाही.