स्टेथोस्कोप, कॅमेरा आणि साडेतीनशेचा काटा: आठ महिने भिंतीमागचं पाणी ऐकल्यावर

गेल्या ऑगस्टमध्ये मी तीन वस्तू घेतल्या: मेडिकलमधून साधा स्टेथोस्कोप, ऑनलाइन मागवलेला मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा, आणि हार्डवेअरच्या दुकानातून पाण्याचा प्रेशर दाखवणारा काटा. कारण एकच. रात्री दोन-अडीचला आमच्या बाथरूमच्या भिंतीमागून 'घूंऽऽऽ' असा आवाज यायचा, दहा-पंधरा सेकंद टिकायचा आणि बंद व्हायचा. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा. नवरा म्हणायचा, "मला तर काही ऐकू येत नाही." तो घोरत असतो, त्याला काय ऐकू येणार!

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. बिल्डिंग बावीस मजल्यांची, आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. पहिला प्लंबर आला, टाईल्सवर चार ठिकाणी बोटाने टकटक केली आणि म्हणाला, "ताई, आतली लाइन लीक आहे, भिंत फोडावी लागेल." त्यात खालच्या काकूंच्या छताला ओल आलेली, म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हा सिद्धच झाला होता. भिंत फोडायची म्हणजे टाईल्स, वॉटरप्रूफिंग, दोन आठवडे धूळ. त्या टाईल्स आता मिळतही नाहीत. म्हणून म्हटलं, आधी स्वतः शोधून बघू.

स्टेथोस्कोपने पहिले दोन आठवडे मला साफ चुकीच्या जागी नेलं. आवाज सगळ्यात मोठा बेसिनच्या मागे यायचा. मी तिथे मास्किंग टेपचे तुकडे चिकटवून फुल्या मारल्या होत्या, चोर पकडल्याच्या आनंदात. पण पाइपमधला आवाज पाइपसोबत धावतो आणि जिथे पाइप टाईलला अगदी चिकटून जातो तिथे बाहेर पडतो. तो उगम नव्हे. शिवाय टाईल मागून पोकळ असेल तर तिथे काहीच नीट ऐकू येत नाही. नंतर कळलं की भिंतीपेक्षा धातूवर ऐकावं: प्रत्येक अँगल कॉकवर (भिंतीतून बाहेर येणारी पाणी बंद करायची छोटी तोटी) लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. हे फुकटात होतं आणि स्टेथोस्कोपपेक्षा बरं होतं. तसं ऐकल्यावर आवाज फ्लशच्या कॉकवर सगळ्यात स्पष्ट निघाला, बेसिनच्या बरोबर समोरच्या बाजूला.

एक आवाज मात्र स्टेथोस्कोपने लगेच उलगडला. अंघोळीनंतर भिंतीत टक... टक... व्हायचं आणि सासूबाई म्हणायच्या, "पाल असेल." ती गरम पाण्याची लाइन. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यासाठीचा प्लास्टिक पाइप, तापला की लांबतो. पाणी चाळीस अंशांनी जास्त गरम झालं तर मीटरमागे साधारण अडीच मिलिमीटर. सिमेंटमध्ये कुठेतरी अडकलेला पाइप सरकताना टकटकतो, थंड होताना पुन्हा टकटकतो. गीझर बंद ठेवलेल्या दिवशी टकटक नाही, एवढी परीक्षा पुरली. त्यावर उपाय काही केला नाही, आवाज अजून होतो. सासूबाईंचं मत अजून पालच.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: पैसे वाया. पाच मीटर वायर, पुढे छोटा दिवा, जाहिरातीत सगळं लख्ख. प्रत्यक्षात लेन्सपासून जेमतेम हातभर अंतरावरचं धड दिसत नाही. एक्झॉस्टच्या भोकातून पाइपांच्या डक्टमध्ये सोडला तर कबुतराची पिसं, सिमेंटचे गोळे आणि एक झुरळ दिसलं, ते माझ्याकडेच बघत होतं. भिंतीत गाडलेला पाइप तर त्याला दिसूच शकत नाही, हे मागवण्याआधी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आठ महिन्यांत एकदाच कामाला आला: वॉशिंग मशीनखाली गेलेलं कानातलं सापडलं.

आता काटा. साडेतीनशे रुपये, वर पितळी रिड्यूसर सॉकेटचे वेगळे, कारण काट्याचे आटे पाव इंची आणि अँगल कॉकचे अर्धा इंची. जेट स्प्रेची होज काढली, टेफ्लॉन टेप गुंडाळली, काटा बसवला. गळती आहे का हे बघायची पद्धत सोपी: बाथरूमचा मेन कॉक बंद, फ्लशचा अँगल कॉक बंद, सगळे नळ बंद, आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला तर भिंतीत कुठेतरी पाणी जातंय. पहिल्या दिवशी माझा काटा उतरायचा सोडून चढायलाच लागला. मी गीझर चालू ठेवला होता! बंद लाइनीत पाणी तापलं की फुगतं आणि प्रेशर वाढतं. वरून सेफ्टी व्हॉल्व्ह टपकायला लागला तेव्हा उमगलं. तुम्ही करून बघणार असाल तर गीझर आधी बंद करा, गंमत नाही. दुसऱ्या दिवशी पाऊण तास काटा एका जागी. म्हणजे भिंतीतली लाइन शाबूत, टाईल्स वाचल्या. खालच्या काकूंचं छत पुढे दिवाळीपर्यंत आपोआप वाळलं. ओल बाहेरच्या भिंतीतून पावसाची येत होती.

मग फ्लश. प्लेट काढून टाकीत मोदकांसाठी आणलेला केशरी रंग चमचाभर घातला. वीस मिनिटांत, कुणी फ्लश न करता, भांड्यात केशरी ओघळ. तळाचा रबरी वॉशर झिजलेला, पाणी झिरपायचं, टाकी थोडी रिकामी झाली की भरणारा व्हॉल्व्ह उघडायचा. म्हणजे अर्ध्या तासाचं गणित जुळलं. पण दिवसाही तो भरतच होता की, मग घूंऽऽऽ रात्रीच का?

इथे काट्याने पैसे वसूल केले. मोबाइल बादलीवर टेकवून रात्रभर टाइमलॅप्स लावला. दिवसा २.२ किलो (चौरस सेंटिमीटरला) दाखवणारा काटा रात्री एकनंतर ४.४ वर. हिशेब असा: दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर. टाकी बाविसाव्या मजल्याच्या वर, आम्ही चौथ्यावर, मधे पंचावन्न-एक मीटर, म्हणजे काही अडवलं नाही तर साडेपाच किलो थेट आमच्या नळावर. ते कमी करायला डक्टमध्ये खालच्या मजल्यांसाठी पीआरव्ही, म्हणजे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची सीट (व्हॉल्व्ह जिच्यावर टेकून पाणी अडवतो ती जागा) खराब झाली की पाणी वाहतं तोवर प्रेशर ठीक दिसतं. रात्री सगळे नळ बंद झाले की वरचं प्रेशर हळूहळू झिरपून खाली उतरतं. आमचा फ्लशचा व्हॉल्व्ह त्या दाबाखाली थोडासाच उघडायचा आणि थरथरायचा. तीच ती घूंऽऽऽ, लाइनीतून फिरून बेसिनमागे निघणारी.

वॉशर मी स्वतः बदलला, एकशे ऐंशी रुपये. पीआरव्ही सोसायटीचा, म्हणून सेक्रेटरींना टाइमलॅप्स पाठवला. ते आधी म्हणाले, "मॅडम, बाकी कुणाची तक्रार नाही." मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका दादांनी ग्रुपवर लिहिलं की त्यांच्या नव्या नळाच्या आतलं कार्ट्रिज वर्षात दोनदा गेलंय. पाठोपाठ आणखी तिघं. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा मी डक्टपाशी उभी होते: गाळणीत ओंजळभर रेती, टेफ्लॉनचे तुकडे, आणि सीटच्या रबराला नखाएवढी चीर. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतात, त्यांच्या पाण्यातून आणखी काय येणार! रबर बदलल्यावर रात्रीचा काटा २.४.

त्यानंतरही काटा मी काढला नाही. जेटसाठी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून तिथेच ठेवला. जानेवारीत टाकी धुतल्यावर आठवडाभरात तो रात्री ३.६ वर गेला. फोटो टाकला, दुसऱ्या दिवशी गाळणी साफ झाली. आवाज यायच्या आधीच. तक्रार एवढीच की काचेच्या आत बाष्प धरतं आणि पावसाळ्यात आकडे वाचायला टॉर्च लागतो. ग्लिसरीन भरलेला थोडा महाग मिळतो, तो घ्या. सुई थरथरतही नाही.

स्टेथोस्कोप मुलीने डॉक्टर-डॉक्टर खेळायला नेलाय. कॅमेरा विकायला काढलाय, कुणी विचारत नाही. आणि काटा सध्या माझ्याकडे नाही, सातव्या मजल्यावरच्या काकांनी गुरुवारी नेला. त्यांच्या भिंतीतून म्हणे शिट्टी येते.