एंटरप्राइझचं १/१००० मॉडेल: एक पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो: घ्या. फक्त पावसाळ्याच्या तोंडावर रंगवायला बसू नका आणि खोक्यावरचं चित्र बघून रंग ठरवू नका.

किट आहे १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या मूळ ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेतल्या एंटरप्राइझ या अंतराळजहाजाचं. मालिकेच्या हिशेबाने जहाज ९४७ फुटांचं, म्हणजे या मापात जेमतेम २९ सेंटीमीटर. पुस्तकांच्या कपाटात आरामात मावतं. १/३५० मापाचंही मिळतं, पण ते ८० सेंटीमीटरच्या पुढे जातं. आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत ते आणलं तर घरातल्या एकाला जिन्यात झोपावं लागेल. किट परदेशातून येतं, त्यामुळे पोस्टेज आणि कस्टम ड्युटी धरूनच बजेट ठरवा.

जोडणी खटक्यांची आहे. माहितीपत्रक म्हणतं गोंद नको. तरी लावा. बशी, म्हणजे पुढची चपटी गोल तबकडी, आणि खालचं धड नुसत्या खटक्यावर छान बसतं, खरी गोम मागच्या दोन लांब नळ्यांची. त्या ज्या पातळ तिरक्या खांबांवर उभ्या असतात, तिथे हलकीशी हालचाल राहतेच. मी सांध्यात ब्रशच्या टोकाने पातळ प्लास्टिक सिमेंट सोडलं, जाड पुठ्ठ्यात दोन खाचा कापून नळ्या त्यात अडकवल्या आणि रात्रभर तसंच ठेवलं. सुकायच्या आत मॉडेल डोळ्यांच्या रेषेत धरून मागून बघा. समोरून सरळ वाटणाऱ्या नळ्या मागून बघितल्या की एक वर, एक खाली निघते. आज इतके महिने झाले, झुकलेल्या नाहीत.

आता रंग. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आणि मजाही इथेच आली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची, तेव्हा आमच्याकडे शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. त्यामुळे माझ्या डोक्यातलं जहाज राखाडीच. खोक्यावर ते निळसर पांढरं, आणि इंटरनेटवर जितकी मॉडेलं तितक्या छटा. शेवटी मूळ मॉडेलवर विश्वास ठेवला. शूटिंगसाठी वापरलेलं ते ११ फुटी मॉडेल १९७४पासून स्मिथसोनियनकडे आहे आणि २०१६ साली डागडुजी होऊन वॉशिंग्टनच्या हवाई-अंतराळ संग्रहालयात पुन्हा मांडलं गेलं. आधीच्या डागडुज्यांत बाकी भाग रंगवले गेले, पण बशीची वरची बाजू मात्र तशीच राहिली होती, म्हणून खरा रंग तिथे सापडला: फिकट राखाडी, किंचित हिरवट झाक असलेला. पांढऱ्यात काळ्याचे थेंब आणि काडीच्या टोकाएवढा हिरवा, एवढंच माझं मिश्रण. ट्यूबलाइटखाली हिरवा दिसतच नाही, दिवसा खिडकीतून उजेड आला की जाणवतो.

बशीवर हल्ली अनेकजण ठसठशीत चौकटी आखतात. मला ते अजिबात पटत नाही. मूळ मॉडेलवर पेन्सिलच्या फिकट रेषा होत्या, टीव्हीवर त्या दिसणं कठीणच. या जहाजाची ऐट त्याच्या कोऱ्या अंगात आहे. आणि डाव्या बाजूच्या खिडक्यांवरून जीव काढू नका: मूळ मॉडेलच्या आतल्या दिव्यांच्या वायरी डावीकडून बाहेर काढलेल्या होत्या, त्यामुळे ती बाजू कधी पूर्ण सजवलीच नव्हती. नळ्यांच्या पुढच्या घुमटांत तर नाताळच्या माळेतले दिवे आणि मोटरवर फिरणारी पाती होती. इतक्या जुगाडावर आपण पोरं रविवारभर बोलायचो!

डेकल, म्हणजे अंगावर चिकटवायची नावं-आकडे, चांगले आहेत, पण त्याखाली ग्लॉस कोट, म्हणजे चकचकीत थर, हवाच. मॅट रंगावर थेट लावले तर खाली हवा अडकून चंदेरी चकाकी येते. वरून मॅट स्प्रे मारायचा तो कोरड्या दिवशी. जुलैत आमच्या गॅलरीत मारला तेव्हा बशीवर पांढुरकी धुरकट साय आली. ती घालवायला ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं, मग हलका दुसरा हात दिल्यावर बरीच गेली.

इतक्या महिन्यांनंतरची खरी तक्रार एकच, स्टँडची. दांडा पोटातल्या भोकात घट्ट बसत नाही, वारंवार काढघाल केली की भोक सैल होतं आणि जहाज नाक खाली करतं. दांड्याच्या टोकाला मास्किंग टेपचे वेढे दिले की भागतं. धूळ मऊ मेकअप ब्रशने झटकायची, फडकं लावलं की डेकलच्या कडा उचकटतात.

डेकलच्या पानावर इतर जहाजांची नावं आणि सुटे आकडे उरतात, ते टाकू नका. १९६७च्या एका भागात मोडक्या जहाजाची गरज पडली तेव्हा मालिकावाल्यांनी दुकानात मिळणारं प्लास्टिकचं किटच घेतलं, भाजून-खरवडून खराब केलं आणि एंटरप्राइझच्या १७०१ या क्रमांकाचे आकडे उलटसुलट करून १०१७ लावलं. माझं पुढचं किट तेच होणार. त्याला कोरडा दिवसही लागणार नाही, साय आली तरी चालेल.