लाइव्ह सँडच्या नावाखाली मला काय काय विकलं गेलं

मरीन टँकसाठी (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी) पिशवीबंद 'लाइव्ह सँड', म्हणजे उपयोगी जिवाणू असलेली 'जिवंत' वाळू, घेणार असाल तर आधी हे वाचा. पिशवी ही फक्त सुरुवात होती. विक्रेत्याने खरा हात मारला तो त्यानंतरच्या 'उपायां'वर.

पिशवीवर छापलं होतं: शंभर टक्के ॲरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची वाळू), कोट्यवधी जिवाणू. विक्रेत्याने वर भर घातली, "ही वाळू टाका आणि उद्या मासे सोडा, सायकलची भानगडच नाही." सायकल म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या टँकमध्ये तयार होईपर्यंत थांबणं. पॅकिंगच्या तारखेची जागा मात्र खरवडलेली. ही तारीख महत्त्वाची असते, कारण अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणू बीजाणू धरून बसत नाहीत. हवाबंद पिशवीत ऑक्सिजन संपला की त्यांची संख्या घटतच जाते. पिशवी फोडल्यावर सडक्या अंड्यांसारखा भपकारा आला, तर म्हणे "समुद्राचाच वास आहे तो."

सोबत दिलेले क्लाउनफिश लगेचच पाण्याच्या वर येऊन धापा टाकायला लागले. अमोनियाच्या किटमधलं पिवळं राहायला हवं असलेलं पाणी हिरवं झालं. त्यावर उत्तर, "किट खराब असेल," आणि हातात जिवाणूंची बाटली. पुढे वाळूवर तपकिरी थर चढला. नव्या टँकमध्ये डायटम (सूक्ष्म तपकिरी शैवाल) येतात आणि बहुतेकदा आपोआप ओसरतात, पण हे सांगितलं तर विकणार काय? मला वाळू चाळणारा तारामासा विकला गेला.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती इथे. हा तारामासा तपकिरी थर साफ करत नाही. वाळूतले किडे आणि बारीक शिंपले हे त्याचं अन्न, आणि मोठ्या, जुन्या वाळूतलं हे अन्नसुद्धा तो संपवतो. माझ्या 'जिवंत' वाळूत तर खायला काहीच नव्हतं. त्याच्या भुजा टोकाकडून झिजत गेल्या आणि तो उपाशी मेला. त्या वाळूत जीव नाही हे विकणाऱ्याला माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

मग नायट्रेट वाढलं. "थर जाड करा, डीप सँड बेड झाला की नायट्रेट शून्य," असं म्हणून आणखी पिशव्या गळ्यात मारल्या. तत्त्व खोटं नाही. साधारण 10 सेमी किंवा जास्त बारीक वाळूच्या तळाशी ऑक्सिजन संपतो आणि तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. पण वरचा थर हलता ठेवायला किडे, गोगलगायी हव्यात. घाणीवरच नवी वाळू ओतली तर काळे डाग पडतात आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड साठतो. माझ्या काचेलगत तेच दिसायला लागलं.

शेवटी चमचाभर कोरडी वाळू वाटीत घेऊन व्हिनेगर टाकलं. ॲरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे ते फसफसायला हवं. एक बुडबुडा नाही. साधी सिलिका! सिलिका विष नव्हे, तिच्यावर टँक चालतात. राग आहे तो ॲरागोनाइटचे पैसे घेतल्याचा. (ॲरागोनाइट pH सांभाळतं हा दावाही फुगवलेलाच, 8.2 च्या आसपासच्या पाण्यात ते जेमतेम विरघळतं.)

व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं, "फोडलेली पिशवी परत घेत नाही." न फोडता तपासायची कशी, हे नाही सांगितलं. म्हणून पैसे देण्याआधी समोरच पिशवी उघडायला सांगा आणि व्हिनेगर टाकून बघा. टाळाटाळ झाली तर निघा. मासे सोडण्याआधी मिठाच्या पाण्यात वाळू ठेवून 2 पीपीएम अमोनिया घाला. तो एक-दोन दिवसांत शून्यावर आला नाही तर 'लाइव्ह' हे फक्त छापलेलं आहे. कोरडं, चांगलं ॲरागोनाइट आणि ओळखीच्या निरोगी टँकमधली वरच्या थरातली वाटीभर वाळू हा माझ्या मते जास्त भरवशाचा मार्ग.

आणि काळे डाग आधीच पडले असतील तर वाळू ढवळू नका. पाणी बदलताना नळीने थोडी थोडी ओढून काढा, एका वेळी एकच कोपरा.