व्हिम : मागे उभं राहून शिकवला जाणारा एडिटर

व्हिम हा माउसशिवाय, नुसत्या कीबोर्डवरून चालवायचा एडिटर, म्हणजे कोड किंवा मजकूर लिहायचा प्रोग्राम. तो मी कुठल्या क्लासात शिकले नाही. २००९ साली हडपसरच्या ऑफिसात क्लायंटच्या सर्व्हरवर एक कॉन्फिग फाइल (प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल) व्हिममध्ये बदलत बसले होते. बारा ओळींत तोच जुना पत्ता, आणि मी बाणाची बटणं दाबत एकेक अक्षर खोडत होते. आमचे एक सीनियर चहाचा कप घेऊन मागून चालले होते, ते थांबले. "थांब जरा. एस्केप दाब. आता सी, मग आय, मग अवतरणचिन्ह." दाबलं, तर अवतरणचिन्हांतला मजकूर तेवढा गेला, चिन्हं जागच्या जागी आणि कर्सर मधोमध. नवा पत्ता लिहिला. "परत एस्केप. खालच्या ओळीवर ये आणि नुसता टिंब दाब." दुसरी ओळ बदलली. मग तिसरी. बारावी होईपर्यंत त्यांचा चहा संपलाही नव्हता.

तेव्हापासून रोज हाच एडिटर वापरते आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

त्या दिवशी मी बटणं पाठ केली असं मला वाटलं होतं. खरं तर ते व्याकरण होतं. एस्केप दाबलं की बटणं अक्षरं लिहीत नाहीत, हुकूम देतात, आणि टिंब म्हणजे आधीचा बदल पुन्हा कर. डी म्हणजे खोड, सी म्हणजे बदल, वाय म्हणजे उचलून ठेव. ही क्रियापदं. डब्ल्यू म्हणजे शब्द, पी म्हणजे परिच्छेद. ही कर्मं. पाच क्रियापदं आणि दहा कर्मं आली की पन्नास वाक्यं आपोआप येतात. क्रियापद आधी येतं एवढंच आपल्याला परकं वाटतं. पण व्हिज्युअल मोडमध्ये, म्हणजे मजकूर निवडायच्या अवस्थेत, आधी मजकूर निवडायचा आणि मग काय करायचं ते सांगायचं, म्हणजे थेट मराठीचा क्रम. नवीन मुलांना मी तिथूनच सुरुवात करून देते, पटकन रुळतात.

कर्सर हलवायला एच, जे, के, एल का, हे सगळेच विचारतात. व्हिमचा पूर्वज व्हीआय. तो बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात लिहिला, आणि त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर (संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड) बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. ते टर्मिनल कधीच गेलं, पण बोटांची सवय पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आली. मला हे फार आवडतं.

किंमत शून्य. पण नुसता व्हिम उघडला की पहिल्या पडद्यावर अनेकदा युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते. मी कितीतरी महिने ती न वाचता पुढे जात होते. एकदा रात्रपाळीत डिप्लॉयमेंट (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) अडकलं होतं, हाताला काम नव्हतं, तेव्हा हेल्प उघडून वाचलं. व्हिमचे कर्ते ब्राम मोलेनार १९९४ मध्ये वर्षभर युगांडाच्या दक्षिणेला किबाले गावात स्वयंसेवक होते, तिथल्या मुलांच्या केंद्रासाठी पाणी आणि स्वच्छतेची कामं करत होते. १९९१ पासून लोकांच्या हातात असलेल्या या एडिटरच्या बदल्यात त्यांनी मागितलं ते एवढंच, की आवडला तर त्या मुलांसाठी काही द्या. त्या रात्रीनंतर दर दिवाळीला मी थोडे पैसे बाजूला काढते, कुठल्या ना कुठल्या शाळेसाठी.

ब्राम ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. जवळजवळ प्रत्येक बदल ते स्वतःच्या हाताने क्रमांक घालून आत घेत, आणि नोंद ठरलेल्या साच्यात करत : अडचण काय होती, उपाय काय केला, आणि कंसात ज्याने ती दाखवून दिली त्याचं नाव. एका ओळीचा बदल असला तरी नाव असे. आमच्या टीममध्ये कमिट मेसेज, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलासोबतची नोंद, असेच लिहायचे हा नियम मी पाच वर्षांपूर्वी घातला. टेस्टिंगच्या मुलीचं नाव प्रथमच कोडच्या इतिहासात आलं, तेव्हा तिने त्याचा स्क्रीनशॉट काढून घरी पाठवला होता. जानेवारी २०२४ ची ९.१ आवृत्ती ब्राम यांना अर्पण केली आहे, आणि इतरांनी काम पुढे चालवलं आहे. २०१४ मध्ये व्हिमच्याच कोडवरून निओव्हिम हा वेगळा एडिटर निघाला. तोही चांगला आहे, पण माझ्या बोटांना फरक पडत नाही.

आता खटकतं ते. मराठीसाठी व्हिम सोपा नाही. कीबोर्ड देवनागरीवर असताना एस्केप दाबून जे दाबलं, तर जेच्या जागचं मराठी अक्षर जातं आणि कमांड चालतच नाही. दरवेळी कीबोर्ड बदलायचा. शिवाय व्हिम ज्या टर्मिनलच्या खिडकीत चालतो, ती प्रत्येक अक्षराला चौकटीत बसवते, त्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात, कर्सर एकीकडे दिसतो आणि असतो दुसरीकडे. हा लेख मी दुसऱ्याच एडिटरमध्ये लिहिला, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

दुसरं खटकतं ते व्हिमचं नव्हे, आपलं आहे. एका जुन्या ऑफिसात नवीन आलेली मुलगी माउसने मजकूर निवडत होती, तर दोघांनी तिला सगळ्यांदेखत हसून घेतलं. ती पुन्हा कुणाला काही विचारायला गेली नाही. मी तिथेच बसले होते आणि गप्प राहिले. ज्या एडिटरच्या पहिल्या पडद्यावर दुसऱ्याच्या मुलांची काळजी आहे, त्याच्या जोरावर कुणाला खाली पाहायला लावणं मला सहन होत नाही.

घ्यावा का? सर्व्हरवर काम असेल तर नक्की घ्या. व्हिमट्यूटर हा व्हिमसोबतच येणारा धडा अर्ध्या तासाचा आहे, तो सलग तीन दिवस करा. पहिले दोन आठवडे कामाचा वेग पडेल, तेवढं टीम लीडला आधीच सांगून ठेवा. दुसऱ्याची शंभर ओळींची सेटिंग फाइल उचलू नका, एकेक ओळ गरज पडेल तशी घाला. आणि जमलं तर जाणत्या माणसाशेजारी बसा.

आता आमचं निम्मं ऑफिस घरून चालतं, मागून चहाचा कप घेऊन कुणी जात नाही. म्हणून गुरुवारी दुपारी मी तासभर स्क्रीन शेअर करून माझं नेहमीचंच काम करते. ज्याला यायचं तो येतो. गेल्या गुरुवारी चौघं होते. मी बोलत बोलत एक फंक्शन इकडचं तिकडे नेलं, तर साताऱ्याचा नवा मुलगा मध्येच म्हणाला, "मॅम, आत्ता काय दाबलंत? परत एकदा, हळू."