शाईच्या पेनाला वही कोणती: गुळगुळीत परदेशी की बॉंडची बांधून घेतलेली?

रात्रीचे साडेदहा, मे महिना, कूलर चालू. पानाचा वरचा अर्धा भाग सुरेख उतरला होता. शाई ठेवली तिथेच राहत होती, अक्षरांच्या कडा कोरल्यासारख्या. सोळाव्या-सतराव्या ओळीला शिरोरेखा तुटली. आधी वाटलं, पेनातली शाई संपत आली. निब पुसली, बाजूला पडलेल्या पाकिटावर रेघ ओढून पाहिली, तिथे धार भरपूर. वहीवर परत आलो की शब्दाच्या डोक्यावर रेघेचे पुन्हा तीन तुकडे. वही दिव्याखाली तिरपी धरली तेव्हा उलगडा झाला. माझ्या तळव्याचा, करंगळीच्या बाजूचा, एक मंद चकाकणारा ठसा पानाच्या खालच्या भागावर उमटला होता. वरची ओळ लिहिताना हात खालच्या ओळींवर टेकलेला असतो. त्या ओळी घामाने आणि त्वचेच्या तेलाने आधीच माखत होत्या, आणि लिहीत लिहीत तिथे पोचेपर्यंत कागद शाई धरायला तयार नव्हता.

वही निवडताना कागदाच्या वजनावर, पानांच्या संख्येवर, पुठ्ठ्यावर पुष्कळ बोललं जातं. माझा निर्णय या एका ठशाने केला. नागपुरात राहणाऱ्याने तरी तो आधी विचारात घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला दोन पर्याय बाजूला ठेवतो. शाळेची साधी लाँगबुक. तिचा कागद साधारण 54 ते 60 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आणि बॉलपेन डोळ्यासमोर ठेवून केलेला. बारीक निब आणि आटोपशीर वाहणारी शाई असेल तर एखादी वही नशिबाने चांगली निघते, पण त्याच छापाची पुढची वही तशी निघेल याची खात्री नसते. मध्यम निब लावली की शाई फुटते. इंग्रजी लिहिणाऱ्याचं त्यात फारसं अडत नाही, आपलं अडतं. भ आणि म, ध आणि घ यांच्यात फरक तो केवढा, शिरोरेखेतली एक छोटी फट. शाई केसभर पसरली की ती फट बुजते आणि 'धर'चं 'घर' होतं. महिनाभराने आपलंच लिखाण वाचताना आपणच अडखळतो.

दुसरी म्हणजे नागपूरच्या इतवारी बाजारात मिळणारी हिशेबाची लाल खातेवही. तिचा खरा लेजर पेपर शाईने लिहिण्यासाठीच घडवलेला असतो आणि शाई तो छान धरतो. पण आखणी जमाखर्चाची. रोजनिशी लिहिताना ते उभे रकाने सारखे मध्ये येतात. कोरी मिळाली तर जरूर घ्या, मला मिळाली नाही.

म्हणजे उरल्या दोन. एक, गुळगुळीत कागदाची परदेशी वही. दोन, चांगला बॉंड पेपर (कागदपत्रांसाठी वापरतात तो टिकाऊ कागद) आणून नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या बाइंडरकडून बांधून घेतलेली वही. दोन्ही मी दोन-दोन वर्षं वापरल्या आहेत, रोज दोन-तीन पानं, एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, आयड्रॉपर पेन (ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायचं) आणि मध्यम निब.

परदेशी वहीबद्दल आधी सांगतो, कारण तिचं कौतुक खरं आहे. शाई कागदावर कशी वागेल हे जीएसएमपेक्षा सायझिंगवर जास्त ठरतं. सायझिंग म्हणजे पाणी अडवणारा पदार्थ लगद्यात मिसळणं किंवा तयार कागदावर चढवणं. आपल्याकडचे हातकागद बनवणारे कागदीही हेच करत, हातकागदाला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचं, म्हणजे बोरू सरसर चालतो. तोमोए रिव्हर या जपानी कागदाने हे टोकाला नेलं. त्याचा प्रसिद्ध कागद अवघा 52 जीएसएमचा, आपल्या लाँगबुकपेक्षाही हलका, हातात घेतला तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा. तरी त्यावर ओल्या निबेची शाई फुटत नाही आणि आरपारही जात नाही. मागच्या बाजूने अक्षरांची सावली तेवढी दिसते. हा कागद आता जपानमधलीच सानझेन ही कंपनी बनवते. क्लेरफोंतेन या कंपनीचा कागद फ्रान्समधल्या व्होज भागातला. ती गिरणी 1858 पासूनची, आणि नारिंगी पुठ्ठ्याच्या ऱ्होडिया वह्यांत हाच कागद असतो. अशा कागदांवर एकाच रेघेत शाईच्या दोन-तीन छटा दिसतात. काही निळ्या शायांना कडेने तांबूस झळाळी येते. ज्याने ती एकदा पाहिली त्याला साध्या कागदावर तीच शाई फिकी वाटते, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

माझी पहिली वही याच जातीच्या कागदाची होती. नोव्हेंबरात घेतली आणि फेब्रुवारीपर्यंत मला तिच्यात काहीच खोट दिसली नाही.

गुळगुळीत कागदात शाई फारशी मुरत नाही, वर बसून राहते आणि मुख्यतः हवेने वाळते. छटा आणि झळाळी येते ती याचमुळे. आता आपला उन्हाळा बघा. नागपुरात 45 अंश ही मे महिन्यातली नेहमीची गोष्ट, 2013च्या मे महिन्यात पारा 47.9 वर गेला होता. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की रात्रीसुद्धा कूलरशिवाय बसवत नाही. कूलरच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा गार असते तशीच दमटही असते. त्या हवेत वर बसलेली शाई वाळायला वेळ लागतो, कागदही दमट होतो आणि हाताचा घाम जात नाही. थंडीत दोन ओळी खाली येईपर्यंत वरची ओळ वाळलेली असायची. कूलरच्या खोलीत पाच-सहा ओळी खाली आलो तरी वरचा शब्द बोटाला लागायचा. त्यातून मी शब्द पूर्ण लिहून मग शिरोरेखा देतो. ओल्या अक्षरांच्या डोक्यावरून निब पुन्हा फिरली की सांध्यांवर शाईचे थेंब साचतात.

शाई फासली तर एकवेळ चालतं, जरा थांबून लिहिता येतं. तुटकी शिरोरेखा सोसवत नाही. रेघ तुटली की हात आपोआप जोर देतो, जोर दिला की निबेचे पाय फाकतात, आणि पुढच्या शब्दावर शाई एकदम ओघळते. लिहिण्यातलं लक्ष कागदाकडे जातं. वाक्य डोक्यात अर्धं असतं आणि आपण पान तिरपं धरून ठसा शोधत असतो.

उपाय केले. तळव्याखाली टिपकागद ठेवला. त्याने काम होतं, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, पण दर दोन-तीन ओळींनी तो खाली सरकवावा लागतो आणि सरकवताना नेमकी ताजी ओळ पुसली जाते. हात साबणाने धुऊन बसलो, अर्धा तास बरं चाललं. पावडर लावून पाहिली, ती निबेच्या चिरेत गेली आणि पेन सोडवून धुवावं लागलं. कूलर बंद करून पंख्याखाली बसलो, तर घाम दुप्पट. पान खालून वर लिहिण्याचा विचारही मनात येऊन गेला. त्या रात्री ठरवलं की आता दुसरी वही.

बॉंडची वही देखणेपणात मागे आहे, हे आधीच मान्य. छटा कमी दिसतात, झळाळी जवळपास नाहीच. निब चालताना किंचित खरखर जाणवते. मला ती आवडते, हाताला पकड मिळते, पण अति बारीक निबेत कधीकधी कागदाचा धागा अडकतो आणि रेघ एकाएकी जाड होते. तसं झालं की निब पुसून घ्यायची. भरपूर वाहणारी शाई असेल तर रेघ परदेशी कागदापेक्षा थोडी जाड उमटते. 'क्ष' आणि 'द्ध'च्या गाठी मात्र उघड्या राहतात, आणि मला तेवढं पुरतं.

पण ती हाताला घाबरत नाही. पृष्ठभाग किंचित उघडा असल्याने शाई थोडी आत मुरते आणि तिथेच धरली जाते. तळवा टेकलेल्या जागीही निब पहिल्याच स्पर्शाला चालते. गेल्या मे महिन्यात याच कूलरसमोर मी शेवटच्या ओळीपर्यंत लिहिलं आणि शिरोरेखा एकदाही तुटली नाही. शाई वाळायला किती सेकंद लागले ते मोजलेलं नाही. पान उलटताना थांबावं लागत नाही, एवढं सांगतो.

कागद 85 ते 100 जीएसएमचा बघावा. 'बॉंड' असं नुसतं लिहिलेलं पुरेसं नाही, त्या नावाखाली झेरॉक्सचा साधा कागदही खपतो. बिल्टचा रॉयल एक्झिक्युटिव्ह बॉंड आणि जेके कंपनीचा एक्सेल बॉंड हे शाईच्या पेनवाल्यांचे जुने ओळखीचे. बिल्ट म्हणजे 1945 साली सुरू झालेली आपल्या बल्लारपूरची कंपनी. रेल्वेने चंद्रपूरकडे गेलेल्या प्रत्येकाला तिथली कागद गिरणी ठाऊक आहे. कागद घेण्याआधी एक ताव मागून घ्यावा, आपलं स्वतःचं पेन न्यावं, आणि भ, म, घ, ध शेजारी शेजारी लिहून बघावे. मग तळवा त्याच कागदावर दोन-तीन मिनिटं दाबून ठेवावा आणि त्या जागेवर एक लांब शिरोरेखा ओढावी. दुकानदार जरा बघत राहतो, बघू द्या.

बांधणीत मी पहिल्यांदा चुकलो, ती चूक तुमची होऊ नये. मी ए-फोर आकाराची रीम आणली आणि कागद मधोमध दुमडून वही बांधा म्हणालो. वही तयार झाली, पण उघडी ठेवली की पानं फणा काढल्यासारखी वर यायची. डाव्या हाताने दाबून धरल्याशिवाय लिहिता येईना. दुसऱ्या खेपेला एका जुन्या बाइंडरकडे गेलो. त्यांनी वही हातात घेऊन एकदाच वाकवली.

"कागद आडवा पडला ना जी. ही वही उघडी राहणारच नाही."

मग त्यांनी समजावलं. कागदातले धागे एका दिशेने लागलेले असतात. त्या दिशेने कागद सहज वाकतो, आडवा वाकवला की कुरकुरतो. ए-फोरच्या कागदात ते बहुधा लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे मधोमध दुमडला की पाठीला आडवे येतात. धागे वहीच्या पाठीशी समांतर हवेत. "मोठा ताव आणून द्या, मी पाहून कापतो," म्हणाले. त्यांनी तावाच्या कोपऱ्यातून बोटभर पट्टी फाडून ओली केली. पट्टी लगेच नळीसारखी वळली. नळी ज्या दिशेने लांब, ती धाग्यांची दिशा. मला हे इतकं आवडलं की आता प्रत्येक कागदाला मी तेच करतो.

शिलाई जुजबंदी सांगावी, म्हणजे चार-पाच तावांचा एकेक जुज दुमडून दोऱ्याने शिवायचा आणि मग सगळे जुज एकत्र. नुसत्या गोंदाने चिकटवलेली पाठ आपल्या उन्हाळ्यात सुकून तडकते. पाठीला कापड आणि आतून अस्तर जरा जाड. माझी दोनशे पानांची वही कागद आणि मजुरी धरून साडेतीनशेच्या आसपास पडली. परदेशी वहीला साधारण त्याच पानांसाठी मी त्याच्या चौपट मोजले होते, आणि बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ती मला मिळाली नव्हती, मागवावी लागली.

तरीही परदेशी वही नको असं मी म्हणणार नाही. तुम्ही एसीच्या खोलीत लिहीत असाल, हात कोरडा राहत असेल, दिवसाला दहा-बारा ओळीच लिहायच्या असतील आणि शाईचे रंग बघण्यातच तुमचा आनंद असेल, तर तीच घ्या. जपानी अति बारीक निबेलाही ती जास्त मानवते. मीही माझी शेवटची वही संपलेली नाही म्हणून सांभाळून ठेवली आहे. डिसेंबर-जानेवारीत पत्रं लिहायची असली की तिचीच पानं काढतो, आणि ती पत्रं बघून लोक शाई कुठली ते विचारतात. पण रोज लिहिणारा, लांबलचक लिहिणारा, देवनागरीत लिहिणारा आणि कूलरसमोर बसणारा माणूस असेल, तर माझा कौल बॉंडच्या वहीला. डावखुऱ्यांना तर मी आणखी आग्रहाने सांगेन, त्यांचा हात ओल्या ओळीवरूनच पुढे सरकतो.

बांधायला टाकायची ती फेब्रुवारी-मार्चात टाका. जूनच्या शेवटी आपल्याकडच्या शाळा उघडतात, तेव्हा बाइंडरकडे पुस्तकांचे ढीग लागलेले असतात, आणि पावसाळ्यात खळ नीट वाळत नाही. माझ्या पुढच्या दोन वह्यांचे ताव गेल्या आठवड्यातच देऊन आलो. या वेळी पानं आखलेली नको, कोरी हवीत, एवढं एकच सांगितलं.