बुरशीचा तंबाखू देऊन मजुरी कापतात, विडी वळणाऱ्या बायांनी वाचा

मी नाशिक जिल्ह्यात, सिन्नरला घरी विड्या वळते. गेल्या पावसाळ्यात ठेकेदाराच्या माणसाने दिलेला तंबाखू हाताला गार लागत होता. वरचा थर बरा होता. पिशवी सुपात ओतली तेव्हा तळातून ढेकळं निघाली. त्यांच्यावर पांढरट-हिरवी लव होती आणि कुबट वास येत होता. त्याला दाखवलं तर म्हणाला, "ताई, हा क्षार आहे, माल कडक आहे म्हणून दिसतो. ऊन द्या." क्षार बोटांना खरखरीत लागतो. ही लव चोळली की भुकटी उडत होती.

तंबाखू हवेतलं पाणी ओढून घेतो. पोती जमिनीला टेकून, कोंदट गोदामात पडली की बुरशी धरणारच. किलोमागे शंभर ग्रॅम पाणी जास्त असेल, तर तेवढा तंबाखू आपल्याला कमी मिळतो. मग दिलेल्या वजनामागे ठरलेल्या तेवढ्या विड्या भरत नाहीत आणि तूट मजुरीतून कापली जाते. वर, भरलेल्या विड्यांतल्या बऱ्याच "वास येतो" म्हणून छाटल्या. त्यांचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत. ज्यांनी बुरशीचा माल दिला त्यांनीच बुरशी दाखवून पैसे कापले!

उन्हाने बुरशीची वाढ थांबते, पण तिचे बीजाणू तसेच राहतात आणि हवा दमट झाली की पुन्हा लव येते. मला सगळ्यात जास्त राग त्या भुकटीचा आहे. बुरशीच्या धुळीने फुफ्फुसाला सूज येण्याचा आजार तंबाखूत काम करणाऱ्यांमध्ये आढळलेला आहे, आणि आपण सूप मांडीवर घेऊन बसतो तेव्हा लेकरं शेजारीच खेळत असतात.

म्हणून पिशवी तिथेच तळापर्यंत उलटी करून बघा. मूठ दाबून सोडा, तंबाखू मोकळा झाला पाहिजे. गोळा राहिला तर घेऊ नका. तेंदूची पानं आपण भिजवतोच, पण तंबाखू ओला असायचं काही कारण नाही. घ्यावाच लागला तर वहीत "माल ओला" असं लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा.

एकटीने तक्रार करू नका. मी केली तेव्हा "काम बंद करू" असं ऐकवलं. गल्लीतल्या आम्ही सगळ्या जणी पिशव्या घेऊन दारात उभ्या राहिलो, तेव्हा माल मुकाट्याने बदलून दिला. कापलेली मजुरी अजून दिलेली नाही. तिच्यासाठी आमचं मागणं चालू आहे.