पर्किन्स ब्रेलर: लिहिलेलं लगेच वाचता येतं, म्हणून घ्यावा

ब्रेल नुकतंच शिकू लागलेल्या मुलांच्या वर्गासाठी पाटी-स्टायलस (कागद धरणारी चौकट आणि टिंबं टोचायची टोची) घ्यावं की ब्रेलर (कळा दाबून ब्रेल लिहायचं यंत्र), याचं आमचं उत्तर ब्रेलर. पाटीवर उजवीकडून डावीकडे, उलटी अक्षरं टोचावी लागतात. कागद पालटल्याशिवाय काय लिहिलं ते कळत नाही. ब्रेलरमध्ये टिंबं वरच्या बाजूला उठतात. ब्रेलचं प्रत्येक अक्षर १ ते ६ क्रमांकांच्या टिंबांच्या एका घरात बसतं, आणि दर टिंबाला एक कळ असते. मूल ‘कमल’ लिहितं, बोटाने चाचपतं, आणि ‘ल’चं तिसरं टिंब राहून ‘ब’ झालाय हे त्याचं त्यालाच सापडतं. मागे जायची कळ एकदा दाबून नुसतं ३ दाबलं की काम झालं. टिंब जास्तीचं पडलं तर मात्र ते खोडणीने दाबून सपाट करावं लागतं.

१९५१ पासून बनत असलेल्या या यंत्राची रचना साधी आहे. जागा सोडायच्या मधल्या लांब कळीच्या डावीकडे १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६, दोन्हीकडे तर्जनीपासून बाहेरच्या बाजूला मोजायचं. डाव्या टोकाला ओळ बदलायची कळ, उजव्या टोकाला मागे जायची. एका ओळीत ४२ घरं, मोठ्या कागदावर २५ ओळी. वीज लागत नाही.

कागद घालताना बहुतेकांची चूक होते. कागद पकडणाऱ्या दोन्ही खिट्ट्या पूर्ण आपल्याकडे ओढा, कागद डाव्या कडेला टेकवा, खिट्ट्या मागे ढकला, बाजूच्या गोल मुठी फिरवून कागद अडेपर्यंत आत घ्या आणि ओळीची कळ एकदा दाबा. ही शेवटची पायरी विसरली की पहिलीच ओळ हलते. साधा वहीचा कागद नको. टिंबं फाटतात किंवा दोन वाचनांत बसतात. जाड ब्रेल कागदच हवा.

टिंब गळत असेल तर लगेच दुरुस्तीला धावू नका. सहाही कळा एकत्र दाबून एक पूर्ण ओळ काढा. दर वेळी तेच टिंब पुसट येत असेल तर दोष यंत्रात. वेगवेगळी गळत असतील तर बोटं एकाच वेळी पडत नाहीत, तिथे सराव हवा. बोटांत जोर कमी असेल तर कळांना लावायचे लांब जोड मिळतात, एका हाताने चालणारा प्रकारही आहे. या मुलांना साध्या ब्रेलरवर रेटत बसणं हा अन्याय आहे.

उणिवा खऱ्या आहेत. वजन पावणेपाच किलोच्या आसपास, लहान मूल उचलू शकत नाही. आवाज मोठा, खाली जाड रबरी चटई घातली तर बराच कमी होतो. आणि शिक्षकाला ब्रेल वाचता येत नसेल तर मुलाचं लेखन तपासणार कोण? आधी शिक्षकाचं प्रशिक्षण, मग यंत्राची खरेदी. सगळ्या वर्गात मिळून एकच ब्रेलर असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला जेमतेम काही मिनिटं येतात, तेवढ्यात हात बसत नाही.

पाटी मात्र ठेवाच. हात बसला की तीही शिकवा. खिशात मावते आणि चिठ्ठी, फोन नंबर, डब्यावरचं नाव लिहायला तीच सोयीची.